ओवाळणीत आलेली कार्बनची सायकल

माझ्या भावानं मला भाऊबीजेला सायकल दिली तेव्हा मी रडले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून तुम्हाला वाटेल, ही बाई जन्माची कजाग दिसते. आहेच मी कजाग. आई म्हणायची, हिच्या तोंडाला कुलूप घालायचं तर चावी आधी समुद्रात टाका. पण दादापुढे हे तोंड कधी उघडलं नव्हतं. तो सहा वर्षांनी मोठा. लालबागच्या चाळीत आमच्या मजल्यावर सगळी पोरं त्याला टरकून असायची, आणि मी त्याच्या जिवावर सगळ्यांना दम देत फिरायचे.

मी परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. बावीस वर्षं झाली. त्यामुळे कार्बन फायबर हा शब्द मला सायकलवाल्यांच्या आधीपासून माहीत होता. आमच्या एक्स-रेच्या टेबलाचा वरचा पाट कार्बनचा असतो. किरण त्यातून आरपार जातात, फोटोत त्याची सावली पडत नाही, म्हणून. त्या पाटावर रोज माणसं चढतात, उतरतात. शंभर-शंभर किलोची माणसं, ‘सावकाश बसा हो काका’ म्हणेपर्यंत धप्पकन बसतात. पाट तसूभर वाकलेला मी पाहिला नाही. गंज नाही, पोचा नाही, काही नाही. तेव्हा दादा जेव्हा म्हणाला, ‘बाय, ही आयुष्यभर टिकते, कार्बन आहे,’ तेव्हा मला कुणी पटवायची गरजच नव्हती.

दादा दर रविवारी पहाटे सायकल चालवायला जायचा. मीही त्याच्या मागून जायला लागले होते, माझी लोखंडी सायकल घेऊन. ती इतकी जड की हिंदमाताच्या पुलावर चढताना मला सगळे देव आठवायचे. दादा वर पोचून, पाणी पिऊन, घाम पुसून माझी वाट बघायचा. एकदा मी वैतागून म्हणाले, तुझ्यासारखी सायकल असती ना, तर दाखवलं असतं तुला! बस, एवढंच म्हणाले होते.

त्या भाऊबीजेला तो आमच्या परळच्या घरी आला तो सायकल खांद्यावर टाकून. त्याची ती काळी सायकल. तीन मजले चढून आला आणि दारात उभं राहून एका हातानं वर उचलून दाखवली, ‘बघ, एका हातानं!’ नवऱ्यानं दोन बोटांवर तोलून बघितली आणि म्हणाला, ‘आयला, हिच्यापेक्षा आपला गॅस जड आहे.’ हँडलच्या मानेखाली, वरच्या दांड्यावर, आमच्या लालबागच्या गल्लीतल्या मंडळाच्या गणपतीचा चंदेरी स्टिकर होता. दादा म्हणाला, ‘बाप्पा आहे हां, काढू नकोस. राखण करील तुझी.’ मी दादाला ओवाळलं, मग त्याच निरांजनानं सायकललाही ओवाळलं, आणि मग रडले. त्याच्याबरोबर आलेली वहिनी म्हणाली, ‘बघा, मला साडी दिली तेव्हा कुणी रडलं नव्हतं.’ दादानं स्वतःसाठी नवी घेतली होती, म्हणून जुनी मला. त्यात मला काही कमी वाटलं नाही. भावाची वापरलेली वस्तू म्हणजे तर आणखीच भारी. आणि ओवाळणी काय कुणी उलटीपालटी करून तपासतं? आमच्यात तरी नाही. ताटात पडेल ते कपाळाला लावायचं.

तीन वर्षं चालवली मी ती सायकल. कफ परेडच्या मच्छीमार नगरपर्यंत जायचे, तिथं चहा प्यायचे आणि परत. तिथली एक म्हातारी कोळीण मासळी वाळत घालता घालता विचारायची, ‘हलकी हाय ना गो? वाऱ्यानं जाशील उडून!’ त्या खाऱ्या हवेत माझी चेन दर पंधरा दिवसांनी तांबूस व्हायची, स्क्रू गंजायचे, बेलची वाटी काळी पडली. फ्रेम मात्र पहिल्या दिवशी होती तशी. मी ड्युटीवरच्या सगळ्या पोरींना ऐकवायचे, कार्बन काय चीज आहे ते. दर दसऱ्याला ती बाल्कनीत धुवायचे, झेंडूचा हार घालायचे, आणि हळदकुंकू कुठं लावायचं? अर्थात बाप्पावर. त्या स्टिकरवर. तीन दसरे.

आता माझ्या लेकीचं. ती अठराची झाली, माझ्याहून उंच झाली आणि सायकल हळूहळू तिची झाली. मी रविवारची, ती बाकीचे सहा दिवस. मग कॉलेजातल्या मैत्रिणींनी ठरवलं, एका रविवारी खंडाळ्यापर्यंत सायकलनं जायचं आणि त्याच दिवशी घाट उतरून परत यायचं. ही बातमी तिनं सांगितली ती वहिनीच्या वाढदिवसाला, दादाच्या घरी, सगळे जेवायला बसलेले असताना. ‘मामा, मी घाट उतरणार, तुझ्या सायकलवर!’ दादा सुरमईचा काटा काढत होता. तो म्हणाला, ‘घाट काय? बरं. हळू उतर गं.’ आणि ताटाकडे बघून जेवत राहिला. वहिनीनं त्याला आणखी एक तुकडा वाढला.

निघायच्या आधी सायकल एकदा दाखवून आणावी म्हणून मी गुरुवारी ड्युटी संपल्यावर आमच्या सायकलवाल्या अंकलकडे नेली. तशी उभं राहून पेडल मारताना ती हल्ली कर्रकर्र वाजायची. मला वाटलं, बेअरिंगला तेल हवं असेल. अंकल परळच्या गावठाणातला ख्रिस्ती माणूस. त्याचा बाप सायकली दुरुस्त करायचा, आता हा करतो. माझ्याहून जुनं मराठी बोलतो आणि बोलण्यापेक्षा जास्त ऐकतो. त्यानं हँडल हलवलं, चाक काढलं, बेअरिंग बघितलं. सगळं चांगलं. मग खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि फ्रेमवर हलकेच ठोकत निघाला. टक, टक, टक. सीटपासून पुढं, दांड्यावरून, बोटबोट अंतरानं. स्टिकरपाशी आला आणि आवाज बदलला. थड. परत मागं गेला. टक. पुढं आला. थड. माझ्याकडे बघितलं.

‘हा काढावा लागंल,’ तो म्हणाला.

‘नाही हां,’ मी म्हणाले. ‘बाप्पा आहे तो.’

‘म्हणून तर मी नाय काढणार. तुम्ही काढा.’

मी पाच मिनिटं नुसती उभी राहिले असेन. खरं सांगते, देवाला नख लावायचं म्हणून हात पुढं जात नव्हता. शेवटी नमस्कार केला, माफी मागितली, नखानं कोपरा उचलला आणि ओढला. तीन दसऱ्यांचं कुंकू कडेला साचलं होतं, ते बोटांना लागलं. खाली काळा रंग. चांगला चकचकीत, आजूबाजूपेक्षा जरा जास्तच. अंकलनं थिनरचा फडका फिरवला तर काळं सगळं फडक्यावर आलं. मी वास घेतला. वास ओळखायला मला वेळ लागला नाही. नेलपॉलिश.

आणि त्याच्या खाली चीर. बोटाच्या दोन पेरांएवढी, तिरकी, आत कसलीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली.

बावीस वर्षं मी दिवसभर चिरा बघते. मनगटाच्या, घोट्याच्या, बरगडीच्या. केसाएवढी असली तरी मला दिसते, डॉक्टरांच्या आधी दिसते. आणि ह्या चिरेवर मी तीन वर्षं बसून फिरले, हिला हळदकुंकू वाहिलं! म्हटलं तर एक्स-रेतही ही दिसली नसती, कार्बन फोटोत येतच नाही. पण मी काय एक्स-रे काढायला जाणार होते? ओवाळणीचा?

अंकल म्हणाला, ‘लोखंड असतं तर वाकलं असतं, पोचा दिसला असता. हा बाहेरून तसाच राहतो. मार नसता लागला तर तुमच्या नातवंडांनी चालवली असती, खोटं नाय सांगत. पण मार लागलेला कार्बन म्हणजे... आज जाईल, पाच वर्षांनी जाईल, कोण सांगणार? जाईल तेव्हा एकदम जाईल.’ मग त्यानं विचारलं, ‘कुठं न्यायची होती?’

मी म्हणाले, ‘पोरगी घाट उतरणार होती.’

त्यानं नाणं खिशात टाकलं आणि चाक परत बसवायला घेतलं.

त्या रात्री मी दादाला फोन केला नाही. फोनवर मी काय बोलले असते कुणास ठाऊक. लेकीला फक्त सांगितलं की ह्या सायकलवर तू घाटात जाणार नाहीस. ती आदळआपट करायला लागली, ‘अगं, मामाला विचार ना! मामा म्हणाला चांगली आहे!’ आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट सुटत गेली. त्या भाऊबीजेच्या दोन महिने आधी दादा हात पोटाशी धरून माझ्याकडे हॉस्पिटलात आला होता. म्हणाला, बिल्डिंगच्या जिन्यात घसरलो. मीच त्याला टेबलावर झोपवलं, मीच फोटो काढला, खांद्यापाशी गळ्याचं हाड मोडलं होतं. दीड महिना त्याच्या जेवणाचा डबा मी पोचवला, वहिनीच्या ऑफिसमुळे. जिना! जिन्यातून पडणारा माणूस आणि सायकलवरून पडणारा माणूस, मला कळायला नको? पण भाऊ होता, मी विचारलंच नाही.

आणि ते ‘हळू, बाय’! वाळकेश्वरचा उतार आला, केम्प्स कॉर्नरचा उतार आला की हा मागून ओरडायचा, ‘हळू, बाय! ब्रेक मार!’ मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, चाळिशी ओलांडली तरी दादाला मी लहानच वाटते. आणि एकदा त्याची मुलगी माझ्या सायकलवर बसायला निघाली तर किती जोरात ओरडला होता तिच्यावर, ‘आत्याच्या सायकलला हात लावायचा नाही!’ मी उलट त्यालाच म्हणाले होते, अरे बसू दे ना, माझी-तुझी काय आहे त्यात. किती वळण लावतो पोरीला, असं मनात आलं होतं. वळण! तेव्हा कुठं कळलं की मला राग आला आहे. तोवर नुसतं आजारी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली आणि सायकल हातात धरून चालत हिंदमाताला निघाले. दादा तिथल्या नव्या टॉवरमध्ये राहतो, पूल त्याच्या गेटातून दिसतो. कपड्यांच्या दुकानांची शटरं वर जात होती. एका दुकानातल्या पोरानं ‘ताई, पंक्चर का?’ म्हणून विचारलं. मी मान हलवली. दादाला खालूनच फोन केला, पार्किंगमध्ये ये. तो ऑफिसचे कपडे घालून आला, हातात गाडीची चावी. मी तळहात पुढं केला. कागदात घडी घालून आणलेला स्टिकर होता.

त्यानं बघितला आणि मान खाली घातली. तिथंच मला सगळं कळलं. तोपर्यंत मनात कुठंतरी होतं की त्यालाही ठाऊक नसेल, कुणीतरी त्यालाही फसवलं असेल.

‘कुठं पडला होतास?’

‘वाळकेश्वरला. डिव्हायडरवर.’

‘आणि मला जिना सांगितलास.’

‘तुझ्या वहिनीला कळलं असतं तर सायकल बंद केली असती गं.’

‘मग नेलपॉलिश कुणाचं?’

‘तिचंच. ड्रॉवरमधून घेतलं. तिला माहीत नाही.’ मग म्हणाला, ‘मी दुकानात दाखवली होती. तो म्हणाला, टिकली तर दहा वर्षं टिकेल. नाही तर काही सांगता येत नाही.’

‘म्हणून तू नवी घेतलीस.’

‘हो.’

‘आणि ही मला.’

‘टाकून द्यायला जीव होईना, बाय. आणि तुला हवी होती ना? तू म्हणाली होतीस.’ मग तो जरा सावरला. आमच्या घरातल्या पुरुषांची ही जुनी खोड, चोरी सापडली की आवाज चढवायचा. ‘आणि झालं काय त्यात? तीन वर्षं चालवलीस. काही झालं का तुला? मी म्हणालो होतो कार्बन टिकतो. टिकला ना?’

काय सांगू तुम्हाला. शेजारच्या माणसानं असं केलं असतं तर मी त्याचा उद्धार करून मोकळी झाले असते. पण ज्याच्या खांद्यावर मान ठेवून झोपावं त्यानंच केसानं गळा कापायचा, आणि वर म्हणायचं, बघ, मान अजून जागेवर आहे!

‘मग तुझ्या पोरीला का बसू दिलं नाहीस?’ मी विचारलं.

त्यानं गाडीची चावी ह्या हातातून त्या हातात घेतली.

‘सांग ना. टिकतो ना कार्बन? तुझी पोरगी काय काचेची आहे आणि माझी लोखंडाची? ती समोर बसून घाटाचं सांगत होती आणि तू काटे काढत होतास, मेल्या!’

वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. दादा हळू आवाजात म्हणाला, ‘मी तिला सांगणारच होतो. रविवारच्या आधी.’

‘कधी? आज शुक्रवार आहे.’

‘अगं, लोक बघतायत.’

‘बघू देत. तू बस.’ मी सायकल त्याच्यापुढे केली. ‘टिकते ना? बस. पुलावर जा आणि उतरून ये. एकदाच. मी इथं उभी राहते. नीट आलास तर मी तुझी माफी मागते, पाया पडून मागते.’

‘वेड लागलंय तुला.’

‘बस.’

माझा आवाज पार्किंगभर घुमला. दादाचा चेहरा लालबुंद झाला. एका क्षणी मला वाटलं, हा आता मारतो की काय. त्यानं चावी खिशात टाकली, माझ्या हातातून हँडल हिसकावलं आणि बुटासकट पाय पलीकडे टाकून बसला. डोक्यावर काही नाही. ‘हे घे, बसलो,’ म्हणाला आणि गेटाकडे पेडल मारलं. कर्र असा आवाज आला. दुसऱ्या पेडलला परत आला. समोर पूल, त्यावरून बस उतरत होती.

मी कशी धावले मला आठवत नाही. चप्पल तिथंच राहिली. गेटापाशी मी त्याला गाठलं, शर्ट धरला, सीट धरली, दोन्ही हातांनी मागं ओढलं, आणि ओरडत सुटले, ‘उतर! दादा, उतर! उतर खाली!’ तो तोल जाऊन एका पायावर आला. सायकल आडवी पडली. माझी बोटं त्याच्या शर्टात अडकली होती, ती मला सोडवता येईनात.

‘तूच म्हणालीस ना बस?’ तो धापा टाकत म्हणाला. ‘तूच म्हणालीस!’

‘म्हणाले,’ मी म्हणाले. ‘पण मला गेटापर्यंतसुद्धा बघवलं नाही. तुला तीन वर्षं कसं बघवलं रे?’

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पुलाकडे बघितलं, आणि माझं एकेक बोट उचलत शर्ट सोडवून घेतला.